जुना रिसीव्हर विकण्याआधी त्याची पाठ बघा

दसरा-दिवाळी जवळ आली की दुकानांमध्ये एक्स्चेंज ऑफरच्या पाट्या लागतात आणि ऑफिसात चहाच्या वेळी एक ठरावीक प्रश्न कानावर येतो. "अरे, घरी पंधरा-वीस वर्षं जुना होम थिएटर रिसीव्हर आहे. चालतो मस्त. पण त्याच्यावर ट्रूएचडी, डीटीएस-एचडी असलं काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे एचडी आवाज येणारच नाही ना? देऊन टाकू का?"

माझं उत्तर दर वेळी एकच असतं. समोरचे लोगो वाचू नकोस, आधी त्याची पाठ बघ.

तर मंडळी, आजचा लेख या पाठीबद्दल. रिसीव्हर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टीव्हीखालच्या कपाटात बसलेला तो काळा किंवा चंदेरी, जड, मोठ्या बटणाचा डबा, ज्याला पाच-सात स्पीकर आणि एक सबवूफर जोडलेला असतो. घरातले लोक त्याला नुसतं 'ॲम्प' म्हणतात. माझं म्हणणं असं की, यातले बरेच जुने डबे आजही ब्लू-रे डिस्कवरचा पूर्ण, काहीही न कापलेला सराउंड आवाज देऊ शकतात. ज्यांना ते जमत नाही, तेही आपण समजतो त्यापेक्षा खूप जवळ पोचतात. आणि डबा ठेवायचा की काढायचा हे लोगोने नाही, आपण ठरवायचं असतं.

लोगोवरून आठवलं. आपल्या महाराष्ट्रात 'डॉल्बी' म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेली, काळजाचे ठोके चुकवणारी स्पीकरची भिंत. त्या भिंतीचा आणि डॉल्बी कंपनीचा काडीचाही संबंध नाही. रे डॉल्बी हे गृहस्थ १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते, आणि १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा जे विकलं ते रेकॉर्डिंगमधली खरखर कमी करणारं यंत्र होतं! गोंगाट घालवणाऱ्या माणसाचं नाव आपण गोंगाटाला दिलं. सांगायचा मुद्दा असा की, नाव आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिसीव्हरच्या बाबतीतही आपण नेमका इथेच फसतो.

चार कामं, एक डबा

रिसीव्हर चार कामं करतो. एक, डीव्हीडी, सेट-टॉप बॉक्स, गेम कन्सोल यातलं काय ऐकायचं ते निवडतो. दोन, आत आलेलं डिजिटल गाठोडं उलगडतो, म्हणजे डीकोड करतो. तीन, प्रत्येक स्पीकर किती लांब आहे, किती लहान आहे ते बघून आवाज जुळवतो. आणि चार, तो आवाज इतका मोठा करतो की स्पीकरचा पडदा हलेल.

आता नीट बघा. चौथं काम म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर आणि उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची जाळी. हे तंत्र अनेक दशकं जुनं आणि मुरलेलं आहे. वीस वर्षांपूर्वीचा ८० वॅट आणि आजचा ८० वॅट यात स्पीकरला काही फरक कळत नाही. (पीएमपीओवाले वॅट सोडून. दोन मुठींएवढ्या कॉम्प्युटर स्पीकरच्या खोक्यावर हजार वॅट छापलेले असायचे, आठवतंय का?)

दुसरं काम मात्र निव्वळ सॉफ्टवेअर आहे. आणि सॉफ्टवेअर म्हटलं की ते जुनं होणारच, आपली पोटं त्यावरच चालतात. डॉल्बी डिजिटल थिएटरात आलं १९९२ मध्ये, 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर. डीटीएस आलं १९९३ मध्ये, 'जुरासिक पार्क'बरोबर. मग डीव्हीडीने दोन्ही घरात आणले. २००६ मध्ये ब्लू-रे आली आणि तिच्याबरोबर डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ. हे दोघे 'लॉसलेस' आहेत, म्हणजे झिप फाइलसारखे: दाबून ठेवतात, पण उलगडल्यावर मूळ आवाज जसाच्या तसा मिळतो. त्याआधीचे दोघे एमपी३ च्या जातीचे, कानाला फारसं कळणार नाही अशी माहिती कापून टाकणारे.

हे नवे प्रकार स्वतः उलगडणारे रिसीव्हर दुकानात यायला लागले २००७ मध्ये. ओंक्योचा टीएक्स-एसआर६०५ हा त्या पहिल्या काहींपैकी एक. म्हणजे त्याआधीचा कुठलाही रिसीव्हर घ्या, दुसऱ्या कामात तो नापास. पण एका विषयात नापास झाला म्हणून मुलाला शाळेतून काढत नाहीत. ते एक काम दुसऱ्या कुणाकडून करून घेता येतं का, एवढाच प्रश्न आहे. घेता येतं.

रस्ता दोन पदरी आहे

आधी अडचण कुठे आहे ते समजून घेऊ. ऑप्टिकल केबलमधून लाल प्रकाश जातो, त्यामुळे ती सगळ्यात भारी, असा एक लाडका समज आहे. केबल बिचारी चांगलीच आहे. पण तिच्यावरून जे बोलणं चालतं त्याचे नियम सोनी आणि फिलिप्सने सीडीच्या काळात ठरवले, आणि ते दोन चॅनलचे आहेत. ज्याला आपण कोॲक्शियल म्हणतो त्या पिनेचंही तेच.

हिशोब सोपा आहे. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, चॅनल दोन. गुणाकार करा: १५,३६,००० बिट, म्हणजे सुमारे दीड मेगाबिट. डीव्हीडीच्या काळातलं ५.१ या दोन चॅनलच्या जागेतच घुसवलेलं आहे. डॉल्बी डिजिटल जास्तीत जास्त ६४० किलोबिट घेतं, आरामात मावतं. डीटीएस पूर्ण वेगाने १५०९ किलोबिट घेतं, म्हणजे चर्चगेट लोकलमध्ये सकाळी नऊ वाजता मावतं तसं मावतं.

आता सहा चॅनल, २४ बिट, ४८,००० नमुने असा न कापलेला आवाज मोजा. ६९ लाख बिट. ट्रूएचडीची मर्यादा १८ मेगाबिट, डीटीएस-एचडीची ब्लू-रेवर २४.५ मेगाबिट. दाबून कितीही लहान केलं तरी दीड मेगाबिटच्या दोन पदरी रस्त्यावरून हे जाणार नाही. महागडी ऑप्टिकल केबल घेऊनही नाही, तिची टोकं सोन्याची असली तरी नाही.

मग जायचं कुठून? इथे पाठ बघायची.

पाठीवरची तीन दारं

रिसीव्हर कपाटातून बाहेर ओढा, धूळ पुसा (तोंडाला रुमाल बांधून) आणि मोबाइलच्या टॉर्चने मागे बघा.

पहिलं दार: एचडीएमआय. २००४ ते २००७ च्या सुमाराच्या बऱ्याच रिसीव्हरना एचडीएमआय असतं, पण लोगो नवे नसतात. एचडीएमआयची पहिली आवृत्ती आली डिसेंबर २००२ मध्ये, आणि आठ चॅनलचा न कापलेला पीसीएम आवाज वाहून न्यायची सोय तिच्यात तेव्हापासून आहे. २००६ ची १.३ आवृत्ती एवढंच वाढवते की, ट्रूएचडीचं गाठोडं न उघडता तसंच पुढे पाठवता येतं. म्हणजे गाठोडं प्लेयरने उघडलं आणि आतला माल मोकळा करून पाठवला, तर जुन्या एचडीएमआयलाही चालतं. प्लेयरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'बिटस्ट्रीम' असेल तिथे 'पीसीएम' करायचं. बस. गाठोडं इथे उघडा किंवा तिथे उघडा, आत तोच माल आहे. रिसीव्हरवर 'ट्रूएचडी'चा दिवा लागणार नाही, एवढंच दुःख.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे २००६ चं प्लेस्टेशन ३. त्या पहिल्या जाड्या मॉडेलला गाठोडं पुढे पाठवता येतच नव्हतं, ते स्वतः उघडून पीसीएम द्यायचं. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ उघडायची अक्कल त्याला एप्रिल २००८ मध्ये एका सॉफ्टवेअर अपडेटने आली. विकत घेऊन घरात आणून ठेवलेला खोका एका रात्रीत हुशार झाला! दुसरं काम निव्वळ सॉफ्टवेअर आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

एक सावधानता. काही जुन्या रिसीव्हरचं एचडीएमआय फक्त चित्र इकडून तिकडे सोडतं, आवाजाला हातच लावत नाही. मॅन्युअलमध्ये 'मल्टीचॅनल पीसीएम' हे शब्द शोधा. सापडले तर अर्धी लढाई जिंकलात.

दुसरं दार: सहा किंवा आठ आरसीए पिनांचा गठ्ठा. लाल-पांढऱ्या जोड्यांपासून जरा वेगळा, वर 'मल्टी चॅनल इनपुट' किंवा 'एक्स्टर्नल इनपुट' असं काहीतरी लिहिलेलं. फ्रंट दोन, सराउंड दोन, सेंटर, सबवूफर. हे दार इथे का आहे याची गोष्ट मजेशीर आहे. १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आली, २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ. दोन्हीकडे सीडीपेक्षा वरच्या दर्जाचा, अनेक चॅनलचा आवाज होता, आणि तो ऑप्टिकलच्या दोन पदरी रस्त्यावरून जात नव्हता. म्हणून प्लेयरनेच तो ॲनालॉग करायचा आणि सहा वायरींनी पाठवायचा, अशी सोय झाली. ते दोन्ही प्रकार सामान्य घरात फारसे पोचले नाहीत. भाडेकरू राहायला आलेच नाहीत, पण त्यांच्यासाठी पाडलेलं दार भिंतीत तसंच राहिलं.

आज तेच दार आपल्या कामाचं आहे. ॲनालॉग वायरीतून जातो तो साधा विद्युतप्रवाह. त्याला कोडेक नाही, आवृत्ती नाही, लायसन्स नाही. जगातल्या कुठल्याही भविष्यातल्या फॉरमॅटचा आवाज शेवटी याच रूपात येणार आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर, मी पाहिलेला हा सर्वात स्थिर इंटरफेस आहे.

फक्त पलीकडे योग्य खोका हवा. ५.१ किंवा ७.१ ॲनालॉग आउटपुट असलेला ब्लू-रे प्लेयर मिळाला तर उत्तम. ओप्पोचा २००९ चा बीडीपी-८३ आणि त्याची भावंडं यासाठीच प्रसिद्ध होती; कंपनीने २०१८ मध्ये नवे प्लेयर काढणं थांबवायचं जाहीर केलं, त्यामुळे आता ते वापरलेलेच शोधावे लागतात. पॅनासॉनिकच्या डीपी-यूबी९००० ला ७.१ ॲनालॉग आउटपुट आहे, पण तो स्वस्तातला नाही.

तरुण मंडळींसाठी तिसरा मार्ग जास्त सोयीचा: घरातला जुना डेस्कटॉप. त्याच्या मदरबोर्डच्या मागे आवाजाची तीन किंवा जास्त भोकं असतील, तर त्यातून ५.१ निघतं. एफएफएमपेग हे मुक्त सॉफ्टवेअर ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ दोन्ही उलगडतं. हेडफोनच्या पिनेपासून दोन आरसीए होणाऱ्या तीन केबल घ्या, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत हव्या तितक्या मिळतील, आणि जोडून टाका. सेंटर आणि सबवूफर उलटसुलट झाले तर घाबरू नका, त्या दोघांची एकच केबल असते आणि तिची दोन टोकं बदलायची असतात. नायकाचे संवाद सबवूफरमधून यायला लागले की लगेच कळतंच!

बाजारात एचडीएमआयमधून ॲनालॉग ५.१ काढून देणारे छोटे खोकेही मिळतात. घेताना ते अनेक चॅनलचा पीसीएम स्वीकारतात का, हे नक्की विचारा. नुसतं 'डॉल्बी सपोर्ट' लिहिलेलं पुरत नाही, बरेचसे खोके जुनं डॉल्बी डिजिटलच ओळखतात.

तिसरं दार: फक्त ऑप्टिकल आणि कोॲक्शियल. इथे लॉसलेस येणार नाही, हे आधीच मान्य करू. पण कोरडे हात परत पाठवत नाहीत. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओच्या आत जुन्या डीटीएसचा गाभा असतो, बहुतेक वेळा पूर्ण १५०९ किलोबिटचा. ट्रूएचडीबरोबर ब्लू-रेवर साधं डॉल्बी डिजिटलही ठेवलेलं असतं, ६४० किलोबिटपर्यंतचं. प्लेयर ते आपोआप काढून ऑप्टिकलवर देतो. म्हणजे तुमच्या जुन्या डब्याला त्याच्या डीव्हीडीच्या काळात मिळायचं त्यापेक्षा जास्त मिळतं. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलची मर्यादा ४४८ किलोबिट होती.

दार उघडलं, आता उंबरठा

दुसऱ्या दाराने जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी, ज्या दुकानात कुणी सांगत नाही.

जुन्या रिसीव्हरमध्ये ॲनालॉग मल्टीचॅनलचा आवाज बहुधा थेट व्हॉल्यूम आणि ॲम्पकडे जातो. म्हणजे वर सांगितलेलं तिसरं काम, जुळवाजुळवीचं, होतच नाही. लहान स्पीकरला झेपणार नाही तो खर्जही त्यालाच मिळतो आणि सबवूफर रिकामा बसतो. म्हणून ही जुळवणी प्लेयरमध्ये करायची. स्पीकर 'स्मॉल' ठेवायचे, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास, आणि प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून भरायचं. आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. अंतर चुकलं की मागचा आवाज आधी येतो आणि पडद्यावरचा नंतर.

दुसरं, सबवूफर फारच मवाळ वाटला तर तो बिघडलेला नाही. '.१'वाला चॅनल वाजवताना बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल उचलायचा असतो, असा संकेत आहे. काही रिसीव्हर या दारातून आलेल्या आवाजाला ती उचल देत नाहीत. प्लेयरमध्ये किंवा सबवूफरच्या मागच्या बटणावर ती देऊन टाका.

तिसरं, तिन्ही दारांसाठी. प्लेयरमध्ये 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' असं काही असेल ते बंद करा. मेनूचे टिंग-टाँग आवाज मिसळता यावेत म्हणून ते मूळ आवाज खाली आणू शकतं. आणि 'डायनॅमिक रेंज' दाबणारं सेटिंगही बंद. शेजाऱ्यांसाठी रात्री चालू करा, हवं तर.

चौथं, चित्राचं काय? ते रिसीव्हरमधून नेऊच नका. फोर-के चित्राच्या कॉपी-संरक्षणाची भाषा जुन्या एचडीएमआयला कळत नाही आणि पडदा काळा पडतो. सोनीच्या यूबीपी-एक्स७०० सारख्या काही प्लेयरना दोन एचडीएमआय आउटपुट असतात. एक टीव्हीला, एक रिसीव्हरला. चित्र आणि आवाज, दोघांचे संसार वेगळे.

पण फरक किती पडतो हो?

आता खरं बोलू या. एवढा सगळा खटाटोप करून ट्रूएचडी मिळवलं, तर ते ६४० किलोबिटच्या डॉल्बी डिजिटलपेक्षा किती चांगलं ऐकू येतं? शांत खोलीत, चांगल्या स्पीकरवर, लक्ष देऊन ऐकलं तर संगीताच्या डिस्कवर फरक जाणवतो, असं माझं मत आहे. झांजेचा झणत्कार विरताना, टाळ्यांच्या कडकडाटात. सिनेमात गाड्या उडत असताना? प्रामाणिकपणे सांगायचं तर मला पैज लावायला आवडणार नाही.

थोडं मागे जाऊन बघा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर जे डॉल्बी डिजिटल छापलेलं असायचं, ते ३२० किलोबिटचं होतं. ज्या थिएटरांमध्ये आपण अंगावर काटा आल्याचं सांगतो, तिथला आवाज आकड्यात तुमच्या जुन्या ऑप्टिकल केबलच्या निम्मा होता. काटा आला तो किलोबिटमुळे नाही. थिएटरच्या भिंती, पडद्यामागचे मोठे स्पीकर आणि ते जुळवून गेलेला माणूस यांच्यामुळे.

आणि आता आपण बहुतेक वेळा बघतो काय? स्ट्रीमिंग. तिथे ट्रूएचडी नसतंच. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये आवाज सुधारल्याचं जाहीर केलं तेव्हा ५.१ साठी वरची मर्यादा ६४० किलोबिट आणि ॲटमॉससाठी ७६८ किलोबिट सांगितली होती. हा आवाज डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये असतो. जुना रिसीव्हर तो ओळखत नाही, पण बरेच टीव्ही आणि खोके तो साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून ऑप्टिकलवर देतात. फक्त टीव्हीचं सेटिंग 'पीसीएम'वर राहिलं तर ऑप्टिकलवरून दोनच चॅनल येतील, तेवढं बघा. म्हणजे जो माणूस महिन्यातले तीस दिवस स्ट्रीमिंग बघतो आणि 'माझ्या रिसीव्हरमध्ये ट्रूएचडी नाही' म्हणून हळहळतो, त्याचं दुःख घरी घोडा नसताना खोगीर जुनं झाल्याचं आहे.

त्यापेक्षा खोलीकडे बघा. आपल्या फ्लॅटमधला हॉल म्हणजे खाली टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती दारं, दुसरीकडे मोकळं डायनिंग, आणि सोफा भिंतीला टेकवलेला. मागचे स्पीकर छताच्या कोपऱ्यात, कारण 'खाली पाहुण्यांच्या पायात येतात'. या खोलीत २४.५ मेगाबिट ओतले तरी घुमणार तेच. एक जाड सतरंजी, दारांना जड पडदे, सोफा भिंतीपासून फूटभर पुढे, पुढचे स्पीकर मधोमध रेषेपासून ३० अंशांवर, बाजूचे १०० ते १२० अंशांच्या मध्ये, कानाच्या जरा वर. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवून, आपण जमिनीवर रांगत खर्ज कुठे एकसारखा येतो ते शोधायचं आणि मग तिथे सबवूफर ठेवायचा. बायको-मुलं हसतील, हसू द्या. हा खर्च नव्या रिसीव्हरच्या जीएसटीएवढाही नाही, आणि फरक मात्र घरातल्या आजीलाही कळतो: "आज त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येतंय रे."

नवा कधी घ्यावा

हा लेख 'जुनं ते सोनं' या पंथाचा नाही. काही गोष्टी जुन्या डब्यातून येणारच नाहीत. छतातून पावसाचा आवाज हवा असेल, म्हणजे ॲटमॉस किंवा डीटीएस:एक्स, तर जास्तीचे ॲम्प आणि जास्तीचे स्पीकर लागतात, त्याला इलाज नाही. (ॲटमॉसची डिस्क जुन्या व्यवस्थेवर लावली तर आवाज हरवत नाही, वरचे आवाज खालच्या स्पीकरमध्ये मिसळून येतात.) चार-पाच यंत्रं एका रिमोटवर हवी असतील, किंवा खोलीची जुळवणी मायक्रोफोन लावून आपोआप व्हायला हवी असेल, तर नवा डबा सोयीचा आहे. आणि ॲम्पचा एखादा चॅनल खरोखर मेला असेल, दुरुस्ती परवडत नसेल, तर निरोप द्यावा. ही सगळी खरी कारणं आहेत. 'लोगो नाही' हे कारण नाही.

माझा आक्षेप आहे तो विक्रीच्या त्या पद्धतीवर. चार कामांपैकी एक जुनं झालं की चारही कामं टाकून द्यायला लावायची. कोडेक बदललं म्हणून ट्रान्सफॉर्मर भंगारात. आपल्या कामात कुणी असं म्हणालं, की लॉगिनचं पान जुनं दिसतंय म्हणून डेटाबेससकट सगळं फेकू या, तर आपण त्याला मीटिंगमधून बाहेर बसवू. घरी आल्यावर मात्र आपण मुकाट्याने तेच करतो, वर एक्स्चेंजमध्ये दोन-चार हजार सुटले म्हणून खूश होतो.

दहा-बारा किलोचं ते धूड आहे. आत तांबं आहे, ॲल्युमिनियम आहे, शिसं असलेलं डाखकाम आहे. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, आणि टाकायचंच झालं तर अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावं हे बरोबरच. पण सगळ्यात स्वच्छ पुनर्वापर म्हणजे ती वस्तू वापरत राहणं. रिले चिकटला असेल, व्हॉल्यूमचं बटण खरखरत असेल, कपॅसिटर फुगला असेल, तर हे सगळं दुरुस्त करणारी माणसं अजून आपल्या शहरांत आहेत. त्यांच्याकडे काम नेणारे आपण उरलो, तरच ती उरतील.

शिवाय आणखी एक गोष्ट. यातले बरेच डबे कुणीतरी हौसेने घेतलेले असतात. कुणाच्या वडिलांनी बोनसमधून, कुणी पहिल्या परदेश-दौऱ्यातून सुटकेसमध्ये कपड्यांच्या मध्ये गुंडाळून आणलेले. घेणाऱ्याने तेव्हा वॅट बघितले होते, वजन उचलून बघितलं होतं, मॅन्युअल जपून ठेवलं होतं. तो मूर्ख नव्हता. त्याची निवड वीस वर्षं चालली, ही त्या निवडीला मिळालेली पावती आहे.

तेव्हा या शनिवारी एवढंच करा. टॉर्च घ्या, डबा बाहेर ओढा, मॅन्युअल सापडलं नाही तर मॉडेल नंबर टाकून शोधा, आणि तीन दारांपैकी कुठलं उघडं आहे ते बघा. पहिलं असेल तर एक सेटिंग बदलायचंय. दुसरं असेल तर सहा वायरी जोडायच्यात. तिसरंच असेल तर सतरंजी अंथरा, स्पीकर नीट लावा, आणि सिनेमा लावा. नवा घ्यायचा की नाही, ते तो सिनेमा संपल्यावर ठरवा.